पायाखालचे पाणी

गेल्या दसऱ्याला आमच्या घरच्या मोटारीची पूजा यथासांग झाली. सकाळी उठून मी स्वतः तिला न्हाऊ घातले, काचा वर्तमानपत्राने पुसल्या, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि मंडईतून आणलेला झेंडूचा हार पुढच्या जाळीला असा बांधला की, जाळीवरचा विंचू फुलांत पार झाकून गेला. आईने ओवाळले. सौ.ने नारळ वाढवला. आमच्या कन्येने मात्र हात जोडता जोडता एकच वाक्य उच्चारले, "बाबा, पूजा झाली, पण ब्रेक मऊच लागतोय."

वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवण्याचा परिणाम माणसावर झाल्याशिवाय राहत नाही. मी म्हणालो, "अगं, ब्रेकला मऊ म्हणत नाहीत. मऊ असतो तो भात, नाहीतर दुलई. ब्रेक सैल असेल, ढिला असेल. शब्द नीट वापरावा."

ती गप्प बसली. मी तिचा शब्द दुरुस्त केला आणि ब्रेक होता तसाच ठेवला. सर्वांनी आपट्याची पाने एकमेकांच्या हातांवर ठेवली, आणि तो विषय मी तरी सोन्यासारख्या दिवशी तिथेच संपवला.

आता त्या विंचवाविषयी सांगितले पाहिजे. नाहीतर वाचकांचा गैरसमज व्हायचा. आमची मोटार म्हणजे अबार्थ पुंटो. बाहेरून पाहिले तर चारचौघींसारखी, पण अंगात १४५ अश्वांचे बळ. थांबलेली असताना निघाली की नऊ सेकंदांच्या आत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते, असा तिचा लौकिक. ती परदेशातून आलेली नाही. आपल्या अष्टविनायकांतला महागणपती जिथे आहे, त्या रांजणगावच्याच कारखान्यात ती तयार होत असे, आणि २०१५ साली ती बाजारात आली. अबार्थ हे कंपनीच्या संस्थापकाचे नाव. कार्लो अबार्थ यांचा जन्म १९०८ सालच्या नोव्हेंबरातला, म्हणजे पाश्चात्त्यांच्या हिशेबाने रास वृश्चिक. म्हणून त्यांनी १९४९ मध्ये कारखाना काढला तेव्हा त्याची खूण विंचू ठेवली. रासाने रास जुळवून पत्रिका करणारे आपणच एकटे नाही, हे कळून आईला फार बरे वाटले होते.

मराठीच्या मास्तराला हा विंचू कशाला हवा होता, असे कोणी विचारील. खरे सांगायचे तर मोह झाला. २०२० साली एक परिचित गृहस्थ परदेशी निघाले आणि गाडी चांगल्या हाती जावी अशी त्यांची इच्छा होती. माझे हात चांगले आहेत असा त्यांचा समज झाला. तेव्हापासून मी ती एरंडवण्यातल्या घरापासून कॉलेजापर्यंत आणि कॉलेजापासून भाजीबाजारापर्यंत चालवीत होतो. किलोमीटर थोडे झाले, वर्षे मात्र बरीच झाली. इंजिनाचे तेल मी वेळेवर बदलत असे, चाकांत हवा भरीत असे. ब्रेकच्या तेलाची डबी कधी उघडली नाही. ती भरलेली दिसत होती. मग उघडायची कशाला?

*

कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही चौघे सिंहगडावर गेलो. आईची बरेच दिवसांची इच्छा होती. पुणेकराच्या गडावर जाण्यात तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीइतकेच पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत आणि मडक्यातले दही यांचेही स्थान असते, हे कबूल करायला हरकत नाही. सर्व काही मनासारखे झाले. चारच्या सुमारास उतरायला लागलो. गाडी मुलगी चालवीत होती. तिला लायसन्स मिळून आठ महिने झाले होते. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करते आणि तिचा हात, बाप म्हणून नव्हे, पण माझ्यापेक्षा चांगला आहे.

रस्ता अरुंद, वळणे आंगठीसारखी, आणि रविवारची गर्दी. पुढे एक जीप चालली होती, तिचे मागचे लाल दिवे सारखे लागत होते. मी शेजारी बसून उपदेश करीत होतो. "न्यूट्रल टाक. उताराला पेट्रोल कशाला जाळायचं?"

"बाबा, घाटात गाडी गिअरमध्येच ठेवायची असते."

"मी वीस वर्षं चालवतोय."

हे वाक्य बोलले की घरातला कुठलाही वाद संपतो. तिने मुकाट्याने न्यूट्रल केले. आता एवढी जड गाडी, चार माणसे आणि डिकीतली रताळ्यांची पिशवी यांना आवरण्याचे सारे काम एकट्या ब्रेकवर येऊन पडले. पाच-सहा वळणे गेली. काहीतरी करपल्यासारखा वास आला. सौ. म्हणाली, "कुणीतरी कणसं भाजतंय." आणि तेवढ्यात मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, पेडल खाली गेलं."

मी पाहिले. तिचा पाय फळीला टेकला होता आणि गाडी थांबत नव्हती.

पुढचे सगळे दहा-बारा सेकंदांत झाले असेल. मी काय केले? काहीच नाही. दाराची कडी घट्ट धरली. तिने पेडल दोन-तीनदा भराभर दाबले, तेव्हा ते किंचित वर आले. मग क्लच दाबून दुसरा गिअर घातला. इंजिन एकदम ओरडले आणि कोणीतरी मागून पदर धरावा तशी गाडी अडखळली. मग पहिला गिअर. डाव्या हाताने हँडब्रेक एकदम न ओढता ती थोडा थोडा वर घेत होती. शेवटी डोंगराच्या बाजूच्या चरात डावी चाके घासत गाडी उभी राहिली. समोरच्या जीपमध्ये आणि आमच्यामध्ये दोन हातांचे अंतर उरले होते. मागे आईची रामरक्षा चालली होती, ती थांबली. त्या शांततेत इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती, आणि माझ्या छातीची.

पाऊण तास आम्ही कडेच्या कठड्यावर बसून होतो. मग मी गाडीत जाऊन पेडल दाबून पाहिले. आश्चर्य असे की ते पूर्ववत झाले होते! मी बाहेर येऊन म्हणालो, "बघा, उगाच घाबरलो. काही झालेलंच नाही."

यावर मुलगी काही बोलण्यापूर्वी आई म्हणाली, "दूध उतू जातं, गॅस बंद केला की खाली बसतं. म्हणून काय ते उतू गेलंच नव्हतं?"

माझ्या आईने आयुष्यात कधी मोटार चालवलेली नाही. पण त्या दिवशी घाटात नेमके काय घडले, याचे इतके बिनचूक वर्णन मी नंतरही कुठे ऐकले नाही. तिला आणि सौ.ला आम्ही खाली जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिले. आणखी तासाभराने, सगळे गार झाल्यावर, मुलीने गाडी पहिल्या गिअरमध्ये पावलापावलाने गोळेवाडीच्या नाक्यापर्यंत आणली. तिथून ती दुसऱ्या गाडीला जोडून शहरात आली. ती वाट मी बाहेरून, पायी, तिच्या मागोमाग उतरलो. मला विचार करायला तेवढा वेळ पुरला.

*

ब्रेक हे यंत्र मुळात पाण्याच्या एका साध्या गुणावर उभे आहे. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला, तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगून ठेवले. आपण पेडल दाबतो तेव्हा एका लहानशा सिलिंडरातला दट्ट्या सरकतो. त्याच्या पुढे द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात, आणि त्या चारही चाकांपाशी जातात. तिथे मोठे दट्टे असतात. ते पॅडना ढकलतात आणि पॅड फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा शब्द जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. लहान दट्ट्यावरचा दाब मोठ्या दट्ट्यावर गेला की जोर वाढतो, हा आणखी एक फायदा.

ही युक्ती मोटारीला चारही चाकांवर लावून १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीने गाडी विकायला काढली. माल्कम लॉकहीड हा त्या युक्तीचा जनक. विमानांमुळे गाजलेल्या लॉकहीड बंधूंपैकीच तो एक. सुरुवातीच्या काळात या नळ्यांमध्ये कोणते द्रव्य घालीत असतील? एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण! नावातच एरंड असलेल्या एरंडवण्यात राहून मला हे इतकी वर्षे ठाऊक नव्हते. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "एरंडेल दिल्यावर काहीच थांबत नाही, असा माझा अनुभव आहे."

आज त्या जागी ग्लायकॉल जातीची रसायने असतात. गॅरेजात सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. तेल पाण्याला दूर ठेवते. हे रसायन पाण्याला जवळ करते. हवेतला ओलावा ते डबीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांच्या अंगातून हळूहळू शोषून घेते. पुण्याचा पावसाळा त्याला कमी पडत नाही. गाडी चालो वा दारात उभी राहो, हे शोषणे चालूच राहते. म्हणून याचे वय किलोमीटरवर मोजायचे नसते, पंचांगावर मोजायचे असते. माझा हिशेब चुकला तो इथे.

पाणी मिसळले म्हणून काय बिघडले? बिघडते ते उकळण्याच्या वेळी. डॉट-४ नावाने मिळणारे कोरे द्रव्य निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात शंभराला पावणेचार भागांच्या आसपास पाणी गेले की ती मर्यादा १५५ अंशांवर आली तरी नियमाला चालते. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत, डॉट-५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे डबी भरलेली, पातळी खुणेवर, गळती कुठे नाही, आणि तरीही आतला माल निम्म्याच ताकदीचा, असे होऊ शकते.

आता घाटातल्या उष्णतेचा हिशेब पाहा. हा मुलीने मला त्या रात्री पाकिटाच्या पाठीवर करून दाखवला. गाडी आणि माणसे मिळून दीड हजार किलो धरा. रस्ता निदान पाचशे मीटर खाली उतरतो असे धरा. त्या उंचीवरून गाडी खाली येताना जी शक्ती मोकळी होते, ती कुठेतरी जिरलीच पाहिजे. इंजिनाने आणि वाऱ्याने तिचा वाटा उचलला नाही, तर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेवर वीस-बावीस लिटर पाणी गारपासून उकळीपर्यंत येईल! वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण जो बंब पेटवतो, तो आठवा. तसा एक बंब सिंहगडाच्या उतारावर आमच्या चार चाकांत मिळून पेटला होता, आणि त्यावर मी पेट्रोल वाचवीत बसलो होतो.

चाकाजवळच्या द्रव्यातले पाणी उकळले की त्याची वाफ होते. थेंबभर पाण्याची वाफ हजारावर पट जागा व्यापते. द्रव दाबला जात नाही. वाफ मात्र उशीसारखी दाबली जाते. मग पाय खाली जातो, पण त्याचा शब्द चाकापर्यंत पोचत नाही, वाटेतच त्या उशीत जिरतो. गार झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल वर येते आणि पुरावा नाहीसा होतो. आईचे दूध ते हेच.

येथे एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कधी कधी पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडलच खोल गेले, तर दुखणे द्रव्यात आहे. पाय दोन्ही दुखणी वेगवेगळी ओळखतो. ऐकणारा हवा.

आणि ते न्यूट्रल? माझ्या वडिलांनी मला स्कूटरवर ती काटकसर शिकवली होती आणि त्यांच्या काळात तिच्यात थोडेफार तथ्य असेलही. पण आजच्या मोटारीत, गिअरमध्ये असताना उतारावर पाय उचलला की इंजिनाला पेट्रोल जवळजवळ बंदच होते. चाकेच इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे मी पेट्रोलही वाचवीत नव्हतो! कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याची भीती पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालमोटारीने तिथे किती गाड्यांचा चुराडा केला, हे पुष्कळांनी पाहिले आहे. मालमोटारींचे ब्रेक हवेवर चालतात, त्यांत हे द्रव्य नसते. पण लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर टाकला की उष्णता त्यांनाही सोडीत नाही. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना घालावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सर्वांना सारखाच लागू आहे.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मेस्त्रींकडे गेलो. त्यांचे गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन जॅक आणि भिंतीवर हनुमंताची तसबीर. त्यांनी डबीचे झाकण उघडले, आत बोट बुडवून पाहिले आणि मला म्हणाले, "सर, हा चहा कधी उकळून ठेवलाय?"

खरोखरच ते द्रव्य काळपट चहासारखे दिसत होते. कोरे द्रव्य जवळजवळ बिनरंगी, फार तर हलक्या मधासारखे असते, हे त्यांनी नवी बाटली उघडून दाखवले.

माझ्याबरोबर माझा भाचा आला होता. तो मोटारींच्या शर्यतींची सगळी वर्तमाने ठेवतो. तो म्हणाला, "मामा, साधं नको. शर्यतीच्या गाड्यांत घालतात ते घाला, तीनशे अंशांच्या वर टिकतं. गाडी पण तशीच आहे. पेडल दगडासारखं होईल."

मेस्त्री हसले. म्हणाले, "तुमचं खरं आहे, पण ते पेडल घट्ट होण्यासाठी नसतं, तापण्यासाठी असतं. शर्यतवाले ते वरचेवर बदलतात. सर पाच वर्षं झाकण उघडत नाहीत. यांना कुठलं घातलं तरी चहाच होणार. पेडल घट्ट होतं ते आत हवा नसली की, आणि माल ताजा असला की. बाटलीवरच्या आकड्यानं नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. गाडीच्या पुस्तकात डॉट-४ लिहिले होते. तेच घ्यायचे ठरले. डॉट-५ हे नाव पाहून कोणी फसू नये, असेही त्यांनी बजावले. आकडा पुढचा असला तरी ती सिलिकोनची वेगळीच जात आहे, इतरांत ती मिसळत नाही. ती पाणी शोषीत नाही, म्हणून मला ती अधिक गुणाची वाटली. पण मुलगी म्हणाली, "शोषलं नाही म्हणजे पाणी येत नाही असं नाही, बाबा. आलेलं पाणी मग एका जागी साचतं. तिथे शंभर अंशांनाच उकळतं, आणि लोखंडही गंजतं. हे बिचारं ते अंगात सामावून घेतं, म्हणून इतके दिवस चालतं."

मी तिच्याकडे पाहिले. घरोघर अशी माणसे असतात. ओलावा मुकाट्याने अंगात जिरवतात, वरून पातळी भरलेलीच दिसते, आणि आपण समजतो की सर्व ठीक आहे.

*

काम तसे साधे होते, पण दोन माणसांचे होते. मेस्त्रींचा पोऱ्या सुट्टीवर गेलेला. मुलगी म्हणाली, "मी निपल उघडते. बाबा, तुम्ही पेडलवर बसा."

प्रथम मेस्त्रींनी मोठ्या सिरिंजने डबीतला जुना माल ओढून काढला आणि नवा भरला. पेडलखाली एक लाकडाचा ठोकळा ठेवला. मी कारण विचारले. जुन्या गाडीत पेडल रोज एका मर्यादेपर्यंतच जाते. त्याच्या पलीकडे सिलिंडर आतून खरखरीत झालेला असतो. तिथवर दट्ट्या नेला तर त्याचे रबर फाटते. म्हणून पेडल फळीला टेकवायचे नाही. मग सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात झाली. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, सिलिंडरही त्याच्या समोरच असतो. तेव्हा मागचे डावे चाक पहिले. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो पुस्तकात पाहावा. काही गाड्यांच्या एबीएसच्या पेटीत अडकलेली हवा काढायला संगणक जोडावा लागतो, हेही तिथेच कळले.

मुलीने निपलवर पारदर्शक नळी बसवली आणि तिचे दुसरे टोक थोडे द्रव्य घातलेल्या बाटलीत बुडवले, म्हणजे हवा परत आत जायला नको. आणि मग हुकूम सुटू लागले.

"दाबा."

मी सावकाश दाबले.

"धरा."

तिने पाना पाव फेरा फिरवला. पायाखालचे पेडल हळूहळू बसत गेले. नळीतून चहाच्या रंगाची धार निघाली, आणि तीत बारीक बारीक बुडबुडे.

"धरूनच ठेवा. झालं. आता सोडा."

निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हा यातला मुख्य नियम. आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेले सगळे वाया जाते. मी पहिल्याच चाकाला एकदा घाई केली. "बाबा, मी सोडा म्हटलं नव्हतं," ती चाकामागून म्हणाली. आवाजात राग नव्हता. वीस वर्षे वर्गात हुकूम सोडणारा मी, त्या दिवशी दीड तास तीन शब्द ऐकून घेत बसलो होतो. दाबा, धरा, सोडा. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसता आवाज ऐकून पाय हलवायचा होता. मला वाटते, तिचे बोलणे मी इतके लक्ष देऊन पूर्वी कधी ऐकलेच नव्हते.

मेस्त्री डबीवर लक्ष ठेवून होते. पातळी खालच्या खुणेखाली गेली की वरूनच हवा शिरते, म्हणून ते मधून मधून नवा माल ओतीत. चार चाके होईपर्यंत जवळजवळ लिटरभर लागला. नळीतली धार आधी चहा, मग सरबत, मग स्वच्छ झाली; बुडबुडे संपले. एक थेंब मडगार्डवर पडला तो त्यांनी लगेच पाण्याने धुतला, कारण हे द्रव्य रंग खाते. उरलेली बाटली जपून ठेवायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ती दिली नाही. उघडलेली बाटलीसुद्धा ओलावा पिते; माळ्यावर ठेवून पुढच्या वर्षी वापरायची वस्तू ती नव्हे. पुणेकराच्या मनाला हे लागते, पण इलाज नाही.

पॅड आणि तबकड्या त्यांनी निरखून पाहिल्या. तापून काच चढलेले पुढचे पॅड बदलले. रबरी नळ्या वाकवून पाहिल्या, चिरा नव्हत्या. नळीचे रबर जुने होऊन दाबाखाली फुगू लागले तरी पेडल असेच मऊ लागते, म्हणाले.

मऊ! तोच शब्द मेस्त्रींनी उच्चारला होता. मी विचारले, "तुम्ही पण मऊच म्हणता?"

"मग काय म्हणणार, सर? पाव दाबल्यासारखं लागतं. मऊच ते."

मुलगी हात पुशीत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते तिचे सौजन्य.

*

संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर आधी हळू, मग जरा वेगात आम्ही ब्रेक पारखून पाहिले. पेडल थोडेसे खाली जाई आणि तिथेच ठाम उभे राही. पायाखाली कोणीतरी जागे आहे असे वाटे. सगळा खर्च, नवे पॅड धरूनसुद्धा, दिवाळीच्या एका साडीहून कमी झाला. नुसत्या द्रव्याचा तर फराळातल्या चकल्यांइतकाही नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा सिंहगडावर गेलो. आई आली. "पोरगी चालवणार असेल तर येते," एवढी एकच अट तिने घातली, आणि ती मी निमूटपणे मान्य केली. उतरताना मुलीने दुसरा गिअर घातला. वळणापूर्वी ब्रेक क्षणभर घट्ट दाबी आणि सोडून देई, म्हणजे त्याला गार व्हायला वाव मिळे. इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढीत होते. त्या वळणावर आलो, जिथे चरात आमच्या चाकांची खूण अजून होती, तेव्हा गाडीत कोणी बोलले नाही. मग मी विचारले, "कसा लागतोय?"

"घट्ट," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "शब्द बरोबर आहे ना, बाबा?"

मागे आई मोठ्याने हसली.

आता डबीच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर द्रव्य बदलल्याची तारीख आणि दोन वर्षांनंतरची तारीख मुलीच्या अक्षरात आहे. अनेक कारखानदार हे दोनच वर्षांचे अंतर सांगतात. तुमच्या दारात विंचू असो की गोगलगाय, ब्रेकची ही डबी तिलाही आहे. पाडव्याला मोटारीला हळदकुंकू वाहाल तेव्हा बॉनेट उघडून एकदा तिच्यात डोकवा, आणि मागच्या वेळी ती कधी बदलली हे आठवून पाहा. आठवले नाही, तर उत्तर मिळाले असे समजा.

आणि घरात कोणी म्हणाले की, ब्रेक मऊ लागतोय, तर त्यांचे मराठी तपासत बसू नका.